राज्य कोणावर?

इतिहास म्हणजे राज्यांचा इतिहास, असं आम्हाला शाळेत शिकवलं. कोणाचं राज्य कधी आलं, कधी गेलं, तहात किती किल्ले दिले आणि किती राखले, हे सगळं पाठ करता करता आमचं बालपण संपलं. शाळेतल्या हिशेबानं राज्य ही मिळवायची गोष्ट. त्यासाठी माणसं लढतात, मरतात, भावाला कैदेत टाकतात. शाळा सुटली आणि वाड्याच्या अंगणात आलो की मात्र या शब्दाचा अर्थ चक्क उलटा व्हायचा. तिथं राज्य मिळवावं लागत नसे, ते अंगावर येत असे. "तुझ्यावर राज्य!" असं कोणी ओरडलं की भल्याभल्यांचा चेहरा पडायचा. डोळे मिटून भिंतीशी उभं राहायचं, शंभरपर्यंत आकडे म्हणायचे आणि बाकीच्यांच्या मागं धाप लागेपर्यंत पळायचं, याचं नाव राज्य! सत्ता म्हणजे काय हे मराठी मुलांना जितकं कळलं होतं, तितकं ते मोठ्या झालेल्या मराठी माणसांनाही कळलेलं दिसत नाही.

तेव्हा राज्यांचा पुरेसा इतिहास लिहून झाला आहे, आता या दुसऱ्या राज्याचाही लिहावा, असं माझ्या मनात बरेच दिवस आहे. माझा अधिकार काय, म्हणाल तर काहीच नाही. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर, बँकेत कारकून. इतिहासाशी माझा संबंध ऑडिटच्या वेळी जुनी व्हाउचरं शोधण्यापुरता. पण लहानपणी साताऱ्यातल्या एका वाड्यात गोट्या, भोवरा, विटीदांडू, लगोरी, डबा ऐसपैस आणि व्यापार या विषयांचा दहा वर्षं कसून अभ्यास केला आहे. इतका कसून अभ्यास पुढं बी.कॉम.चाही केला नाही.

सुरुवात अर्थातच सिंधू संस्कृतीपासून. (इतिहासाचं कुठलंही पुस्तक तिथूनच सुरू होतं, मग माझंच का नको?) मोहेंजोदडोचं उत्खनन १९२२ साली सुरू झालं. तेव्हापासून विद्वान मंडळी तिथल्या गटारांचं कौतुक करीत आली आहेत. गटारं उत्तम आहेत, वाद नाही. आमच्या नगरपालिकेनं एकदा जाऊन पाहावीत. पण मला विशेष वाटतं ते त्या मातीत सापडलेल्या खेळण्यांचं. चाकांच्या छोट्या मातीच्या गाड्या. पक्ष्याच्या आकाराच्या शिट्ट्या. मान हलवणारे मातीचे बैल. साडेचार हजार वर्षांपूर्वी त्या आखीव रस्त्यांवर दुपारच्या वेळी कोणी पोर शिट्टी फुंकत हिंडत असणार आणि कोणी आजोबा खिडकीतून "अरे, जरा डोळा लागू देशील का?" असं ओरडत असणार. ती लिपी अजून कोणाला वाचता आलेली नाही. पण तिच्यात कुठंतरी "दुपारी २ ते ४ आवाज करू नये" हे नक्की लिहिलेलं असेल, असा माझा अंदाज आहे.

तिथं फासेही सापडले. अगदी आपल्या सापशिडीच्या फाशासारखे, सहा बाजूंचे. फरक एवढाच, की आजच्या फाशाच्या कुठल्याही दोन समोरासमोरच्या बाजू घ्या, बेरीज ७ येते. तिथल्या बऱ्याच फाशांवर मात्र १ च्या समोर २, ३ च्या समोर ४ आणि ५ च्या समोर ६ असे ठिपके आहेत. म्हणजे बेरजा ३, ७ आणि ११. एकूण गोळाबेरीज दोन्हींकडे २१. थोडक्यात, हेड ऑफिसला टोटल जुळते, ब्रँचमध्ये फरक येतो. ही प्रथा आपल्याकडं किती पुरातन आहे, हे पाहून ऊर भरून आला.

यानंतरचं मोठं साधन म्हणजे शूद्रकाचं 'मृच्छकटिक'. देवलांनी ते मराठी रंगभूमीवर आणलं, त्यामुळं आपल्याला त्यातला चारुदत्त ठाऊक, वसंतसेना ठाऊक, शकार तर फारच ठाऊक. पण एवढ्या मोठ्या नाटकाला नाव मिळालं आहे ते एका खेळण्याचं, मातीच्या गाडीचं. चारुदत्ताचा मुलगा रोहसेन शेजारच्या मुलाच्या सोन्याच्या गाडीशी खेळून आलेला असतो. घरची दासी त्याला मातीची गाडी देते. तो ती नाकारतो आणि भोकाड पसरतो. वसंतसेनेला ते पाहवत नाही. ती अंगावरचे दागिने उतरवून त्या मातीच्या गाडीत घालते आणि सांगते, की यांची सोन्याची गाडी कर. पुढं त्याच दागिन्यांवरून चारुदत्त वधस्तंभापर्यंत जातो. मुलाला शेजारच्यासारखं खेळणं घेऊन देण्याच्या नादात बाप फासापर्यंत जातो, ही गोष्ट आपल्याकडं दीड हजार वर्षांहून जुनी आहे. हल्ली तिला हप्ता म्हणतात.

आमच्या वाड्यातही एक सोन्याची गाडी होती. ती समोरच्या वकिलांच्या मुलाकडं होती आणि तिचं नाव मेकॅनो. पत्र्याच्या भोकाभोकांच्या पट्ट्या, नट, बोल्ट, पितळी चाकं. तिची क्रेन व्हायची, पूल व्हायचा, मोटार व्हायची. आम्हाला हात लावायची परवानगी नव्हती, फक्त बघायची होती. मी घरी येऊन रोहसेनाला लाजवील असं रडलो. पण कुठलीही वसंतसेना आली नाही. आई आली, आणि तिच्या हातात दागिने नव्हते, लाटणं होतं.

वडील प्राथमिक शाळेत मास्तर. ते काहीच बोलले नाहीत. त्या रात्री जेवणं झाल्यावर त्यांनी शिवणयंत्रावरचं एक रिकामं लाकडी रीळ घेतलं. त्याच्या कडांना ब्लेडनं दाते पाडले. भोकातून रबर ओवलं, एका बाजूला काडीचा तुकडा अडकवला, दुसऱ्या बाजूला मेणबत्तीची चकती आणि त्यात एक लांब काडी. ती काडी गरगर फिरवून रबराला पीळ दिला आणि रीळ जमिनीवर ठेवलं. ते आपोआप चालायला लागलं. हळूहळू, खुरडत, पण चालायला लागलं. समोर जाडजूड शब्दकोश ठेवला तर त्यावरही चढलं. दुसऱ्या दिवशी वकिलांचा मुलगा ते बघायला आला. त्याला हात लावायची परवानगी मी दिली, पण दर फेरीला एक गोटी अशा दरानं. बँकेत जाणार हे तेव्हाच ठरलं असावं.

पुढं वाचनात आलं, की मेकॅनोचा जनक फ्रँक हॉर्नबी हा लिव्हरपूलमधला एक कारकून होता. मांस आयात करणाऱ्या एका पेढीवर हिशेब लिहायचा. घरी मुलांसाठी पत्रा कापून पट्ट्या करायचा. १९०१ साली त्यानं पेटंट घेतलं आणि त्याचे पैसेही मालकाकडून उसने घेतले. म्हणजे वकिलांच्या घरची सोन्याची गाडी मुळात कुठल्याशा कारकुनानं रात्री जागून आपल्या पोरांसाठी केलेली मातीचीच गाडी होती. हे वडिलांना सांगायला हवं होतं. ते हसले असते आणि म्हणाले असते, "मग? तो कारकून होता, मी मास्तर आहे!" आता माझी मुलगी मैत्रिणीकडचा टॅब बघून येते आणि काही न बोलता खिडकीशी बसते, तेव्हा मी घरात रिकामं रीळ शोधतो. शिवणयंत्रच नाही, तर रीळ कुठलं?

मध्ययुगात फार रेंगाळायला नको, पण विटीदांडूचं एक कोडं सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. विटी टोलवली की दांडूनं अंतर मोजायचं, आणि ते मोजायचं कसं? एक, दोन, तीन, चार असं नाही. वकट, लेंड, मूंड, नाल! आम्हाला हे आकडे म्हणजे विटीदांडूची शिवराळ भाषा वाटायची. घरात कोणी "लेंड" म्हटलं तर पाठीत धपाटा बसे. मग नोकरीत आमच्या शाखेला एक तेलुगूभाषक मॅनेजर आले. दहाच्या नोटांची बंडलं मोजताना ते आपल्या भाषेत पुटपुटत, "ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु..." आमचा शिपाई, मूळचा कोरेगाव तालुक्यातला, चहा ठेवायला आत गेला तो तसाच उभा राहिला. बाहेर येऊन मला म्हणाला, "सायेब, ह्ये तर विटीदांडू खेळत्यात!"

खरंच की! शेजारच्या भाषेतले आकडे आमच्या विटीच्या टोल्याबरोबर केव्हातरी इकडं आले आणि पोरांच्या तोंडात राहिले. सातवाहनांची राजधानी पैठणला होती आणि त्यांची सत्ता आंध्रापर्यंत पसरली होती. पुढंही राजे आले-गेले, फौजा, पालं, व्यापारी इकडून तिकडं गेले. यातला नेमका कोणता पोरगा ते आकडे घेऊन आला, त्याची बखर नाही. पण राजेलोकांनी ताम्रपटांवर कोरलेलं वाचायला पंडित लागतात. पोरांनी धुळीत म्हटलेलं मात्र कोरेगावच्या शिपायालाही ऐकल्याबरोबर कळलं.

सातवाहनांचा विषय निघालाच आहे, तर नाणेघाटाचंही सांगतो. जुन्नरहून कोकणात उतरायची ही व्यापाराची वाट. तिथल्या लेण्यात नागनिका राणीचा शिलालेख आहे, यज्ञात किती गायी, किती घोडे, किती कार्षापण दान दिले, याचे आकड्यांसकट तपशील. महाराष्ट्रातलं पहिलं लेजरच म्हणा. घाटाच्या तोंडाशी दगडी रांजण आहे. तो जकातीचा, असं सांगतात. आणि तिथल्याच कातळावर खेळांचे पट कोरलेले आहेत. घरं आखलेली, वाट्यांसारखे खळगे केलेले. आता हे कोणी कोरले असतील? ज्यानं कधी सरकारी खिडकीपुढं रांग लावली आहे, त्याला हे विचारावं लागत नाही. जकातवाला जेवायला गेला असणार! बैल सोडले, पाठ टेकली, आणि "चला, तो येईपर्यंत एक डाव." आमच्या बँकेत टाइल्स आहेत म्हणून, नाहीतर पासबुक भरून घ्यायच्या खिडकीसमोर आज एक तरी पट कोरलेला सापडला असता.

सापशिडीचं जनकत्व परंपरा ज्ञानेश्वरांकडं देते. तिचं जुनं नाव मोक्षपट. त्यात नुसते साप नव्हते. काम, क्रोध, लोभ अशी नावांची घरं होती, आणि त्या घरात पाय पडला की घसरगुंडी. शिड्या पुण्याच्या. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला हा खेळ विलायतेला गेला आणि पुढं 'स्नेक्स अँड लॅडर्स' होऊन परत आला. येताना साप आले, शिड्या आल्या, पाप-पुण्य तेवढं कस्टममध्ये अडकलं. आता ९९ व्या घरी साप का गिळतो, याला काही कारण उरलेलं नाही. नोकरीतल्या बढतीसारखंच झालं ते.

विलायतेनं आपल्याला आणखीही एक गोष्ट दिली. हायरम कॉड नावाच्या इंग्रज गृहस्थानं १८७२ च्या सुमारास सोड्याची एक बाटली काढली. तिच्या गळ्यात काचेची गोटी. आतल्या वायूच्या दाबानं गोटी वर रबराच्या कड्याला घट्ट बसते आणि बाटली बंद. अंगठ्यानं गोटी आत ढकलली की 'फस्स'! कॉडसाहेबांना वाटलं असेल, आपण सोड्याची सोय केली. त्यांनी खरी सोय केली ती आमची. एसटी स्टँडजवळच्या सोडावाल्याकडची बाटली फुटली, की ती हिरवट, जड, आतून बुडबुडा असलेली गोटी ज्याला मिळे, तो त्या आठवड्याचा छत्रपती. बाकीच्या गोट्या दुकानात मिळत. सोड्याची गोटी विकत मिळत नसे, ती नशिबात असावी लागे. गलीत ती टाकताना हात थरथरायचा, कारण हरलो तर कोपरानं ढकलत न्यावं लागे, आणि कोपराची सालटी निघाली तरी चालेल, पण ती गोटी जाता कामा नये, असा सगळा भावनिक मामला होता.

आणि व्यापार! मे महिन्याच्या दुपारी वाड्याच्या ओसरीवर सतरंजी घालून व्यापाराचा पट मांडला, की संध्याकाळी कोणीतरी रडत घरी जाणार हे ठरलेलं. मुंबई, अहमदाबाद, इंदूर, जयपूर असं करत आम्ही सगळा देश विकत घ्यायचो. त्या वयात कोणी पुण्याच्या पलीकडं गेलेलं नव्हतं, पण दार्जिलिंगवर माझी तीन घरं होती. रेल्वे ताईची. वॉटर वर्क्स आतेभावाचं. वाड्यातल्या नळाला एकवेळ पाणी यायचं, तेसुद्धा करंगळीएवढं. तरी वॉटर वर्क्सचं भाडं मात्र तो चोख वसूल करायचा. बँक नेहमी ताईकडं. ती बँकेच्या पैशातून स्वतःच्या पैशात कधी हात घालायची ते आजतागायत सापडलेलं नाही. मी बँकेत वीस वर्षं काढली, पण इतकं स्वच्छ काम पाहिलं नाही.

या खेळाची जन्मकथा मात्र मजेची आहे. एलिझाबेथ मॅगी नावाची एक अमेरिकन बाई. टायपिंग-लघुलेखन करून पोट भरणारी, म्हणजे आमच्याच जातकुळीतली. हेन्री जॉर्ज या अर्थशास्त्रज्ञाचं म्हणणं तिला पटलेलं. त्याचं सूत्र असं, की जमिनीचं भाडं खाऊन माणसं बसल्या जागी गबर होतात आणि राबणारे कंगाल होतात, तेव्हा कर बसवायचा तो जमिनीवर. लोकांना हे भाषणानं कळणार नाही, म्हणून तिनं खेळ काढला. 'द लँडलॉर्ड्‌स गेम', पेटंट १९०४. तिनं नियमांचे दोन संच केले. एका पद्धतीत कोणाचीही भरभराट झाली तरी सगळ्यांना वाटा. दुसऱ्या पद्धतीत एकानं सगळ्यांना बुडवायचं. दोन्ही खेळून पाहा आणि शहाणे व्हा, अशी तिची कल्पना. लोक शहाणे झाले. त्यांनी पहिली पद्धत टाकून दिली आणि दुसरी ठेवली! १९३५ मध्ये पार्कर ब्रदर्सनं चार्ल्स डॅरो नावाच्या माणसाकडून तोच खेळ 'मोनॉपॉली' म्हणून घेतला. डॅरो लक्षाधीश झाला. बाईंचं पेटंट कंपनीनं ५०० डॉलरला घेतलं, रॉयल्टी शून्य. मक्तेदारी किती वाईट, हे सांगणाऱ्या खेळानं ते आपल्या जन्मदात्रीवरच सिद्ध करून दाखवलं.

त्या खेळाचा एक नियम मला फार आवडतो. बँक कधीही बुडत नाही. नोटा संपल्या तर बँकवाल्यानं साध्या कागदावर आकडे लिहून त्या नोटा म्हणून चालवाव्यात. लहानपणी हा नियम वाचताना काही वाटलं नव्हतं. आता रोज काउंटरवर बसताना फार धीर येतो.

पण खरं सांगायचं तर आमच्या खेळण्यांपेक्षा आमचे नियम भारी होते. ते कुठं छापलेले नव्हते. हुतूतूचे नियम विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत पुण्या-बडोद्याच्या जिमखान्यांनी बांधून दिले, त्याची कबड्डी झाली, अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकानं १९३६ मध्ये बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी ती दाखवली आणि १९९० मध्ये बीजिंगच्या आशियाई स्पर्धांत ती पदकासाठी खेळली गेली. खो-खोचा तर जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला विश्वचषक झाला आणि पुरुष-महिला दोन्ही गटांत भारत जिंकला. आनंद आहे. पण वाड्यातली राज्यघटना लिहायला ना जिमखाना लागला ना समिती. राज्य कोणावर हे चकून ठरायचं. तळहात पालथे-उताणे टाकायचे, जो एकटा पडेल तो सुटला, शेवटी उरेल त्याच्यावर राज्य. लागलं-खुपलं, चप्पल तुटली, आईनं हाक मारली तर मूठ तोंडाजवळ नेऊन "टाइमप्लीज". अगदी लहान भावंडाला "लिंबूटिंबू" म्हणून घ्यायचं. ते बाद होत नाही, त्याच्यावर राज्य येत नाही, पण ते खेळात असतं. दुबळ्याला खेळाबाहेर न काढता सांभाळायची इतकी सोपी तरतूद मला पुढं कुठल्याच कायद्यात आढळली नाही. आणि जो रडीचा डाव खेळेल तो चिडका बिब्बा. त्याला शिक्षा एकच, उद्या त्याला खेळायला बोलवायचं नाही. या शिक्षेवर अपील नव्हतं. म्हणून गुन्हेही कमी होते.

तो वाडा पडून तिथं बिल्डिंग झाली. आम्ही हल्ली राहतो त्या सोसायटीलाही अंगण आहे, पण त्याला पार्किंग म्हणतात. गेल्या वर्षी तिथं पाटी लागली, "आवारात खेळण्यास सक्त मनाई." कोणाच्या तरी मोटारीचा आरसा फुटला होता. सर्वसाधारण सभेत ठराव पक्का व्हायचा होता. तेवढ्यात माझी मुलगी आणि तिच्या वयाची आठदहा पोरं आत आली. म्हणणं मांडायला परवानगी हवी म्हणाली. म्हणणं असं, की ५ ते ७ आम्ही कोपऱ्यात खेळू, बॉल रबरी वापरू, आणि गाडी आली की सगळे टाइमप्लीज घेऊ. आरसा तुटला तर खाऊच्या पैशातून भरू. "आणि लिंबूटिंबूंना आम्ही सांभाळतो," हेही वर.

सभेत शांतता पसरली. टाइमप्लीज हा शब्द ऐकून साठीच्या दोघांच्या मुठी आपोआप तोंडाशी गेलेल्या मी पाहिल्या. ठराव तहकूब झाला आणि पोरांना ५ ते ७ मिळाले, तीन महिन्यांच्या बोलीवर. मग पुढचा विषय आला, सेक्रेटरीची निवड. आता मात्र सगळे छताकडं बघू लागले. पाण्याचा टँकर, लिफ्टची दुरुस्ती आणि रात्री साडेअकराला येणारे फोन, हे राज्य कोणालाच नको होतं. शेवटी कोणीतरी म्हणालं, "चकू या का?" आणि सोसायटीचे अकरा जबाबदार सभासद खुर्च्या सारून गोल उभे राहिले, हात पालथे-उताणे टाकू लागले. एकेक जण सुटत गेला. उरले ते तिसऱ्या मजल्यावरचे, आरसा फुटलेले गृहस्थ. त्यांनी तत्काळ मूठ तोंडाशी नेली, "टाइमप्लीज!"

दारातून आवाज आला, "काका, राज्य असलेल्याला टाइमप्लीज नसते."

इतिवृत्तात मी लिहिलं, "सेक्रेटरीपदी सर्वानुमते निवड." इतिहास असाच लिहिला जातो.